पुनर्मुद्रित रोमन नाणी : ओळख आणि संग्रह यांसाठी नवोदितांचे मार्गदर्शन

प्राचीन टाकसाळीत नाणे पाडताना सहसा धातू वितळवून त्याच्या कोऱ्या चकत्या तयार करत, चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवत आणि वरच्या ठशावर घणाचा घाव घालत. काही प्रसंगी मात्र कोरी चकती घेण्याऐवजी चलनातले जुने नाणेच तापवून ठशांमध्ये ठेवले जाई आणि जुन्या राजाचा चेहरा, त्याचे नाव, त्याचे देवदेवता हे सारे नव्या छापाखाली दबून जाई. हे दबलेले चित्र बहुतेक वेळा पूर्ण पुसले जात नसे. कुठे दोन अक्षरे, कुठे मुकुटाचे टोक, कुठे जुन्या चित्राभोवतीच्या ठिपक्यांच्या कडीचा तुकडा शिल्लक राही. अशा नाण्याला संग्राहक ओव्हरस्ट्राइक म्हणतात. या लेखात त्याला पुनर्मुद्रित नाणे म्हटले आहे, त्यावरच्या नव्या चित्राला वरचा छाप आणि दबलेल्या नाण्याला खालचे नाणे.

बाजारात ही नाणी देखणी मानली जात नाहीत. चेहऱ्यावर परकी अक्षरे आलेली असतात, लेख गोंधळलेला असतो आणि कडा वेडीवाकडी असते, त्यामुळे स्वच्छ छापाचे नाणे शोधणारा ग्राहक ती बाजूला सारतो. अभ्यासाच्या दृष्टीने पाहिले, तर बहुतेक प्राचीन नाण्यांवर वर्ष लिहिलेले नसताना ज्याच्यावर कालक्रमाचा निर्विवाद पुरावा असतो, असे नाणे हेच. वरचा छाप खालच्या नाण्यानंतरचाच असणार, याला अपवाद नाही. संग्रह सुरू करणाऱ्याने हे एक तत्त्व मनाशी पक्के ठेवावे, कारण खालचे नाणे नेमके ओळखता आले तरच हा पुरावा उपयोगी पडतो आणि ओळख चुकली तर तोच पुरावा दिशाभूल करतो. म्हणूनच पुढचा बराचसा भाग ओळखण्याच्या पद्धतीला दिला आहे. खरेदीचा विचार त्यानंतर.

मराठी वाचकाला हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा निधी सापडला. त्यातील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा पर्वत आणि दुसऱ्या बाजूच्या बाण व वज्र यांवर उज्जयिनी चिन्ह, असे दोन्ही राजे एकाच नाण्यावर दिसतात आणि नहपानानंतर गौतमीपुत्र हा क्रम तिथे हातात धरून पाहता येतो. महाराष्ट्रात राहणाऱ्याने रोमन नाण्यांकडे वळण्यापूर्वी या नाण्यांची मोठी, स्पष्ट छायाचित्रे, आणि जमल्यास संग्रहालयातील मूळ नाणी, निवांत पाहावीत. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. तिथे घालवलेला एक दिवस नजर तयार करण्यास फार उपयोगी पडेल.

पहिली पायरी : कोणत्या काळात पुनर्मुद्रण झाले हे जाणून घ्या

रोमन इतिहासाच्या हजारभर वर्षांत पुनर्मुद्रण सगळीकडे सारख्या प्रमाणात झालेले नाही. काही राजवटींत ते नियमित होते, तर काहींत अपवादानेच आढळते. हाती आलेले नाणे पुनर्मुद्रित असण्याची शक्यता किती, याचा अंदाज या माहितीवरूनच येतो.

सर्वांत जुना मोठा गट रोम आणि कार्थेज यांच्यातील दुसऱ्या प्युनिक युद्धाच्या काळातला, म्हणजे इ.स.पू. २१८ ते २०१ मधला आहे. सैन्य सिसिलीत आणि सार्डिनियात लढत होते, पगार तिथेच द्यायचा होता आणि धातू हाताशी होता तो शत्रूच्या नाण्यांच्या रूपात. सिसिलीतील गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेली रोमन तांब्याची नाणी सिराक्यूजचा राजा दुसरा हीरॉन याच्या नाण्यांवर मारलेली आढळतात. हीरॉनच्या नाण्यावर एका बाजूला समुद्रदेव पोसायडनचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूला त्रिशूळ असे. सेक्स्टन्स या रोमन तांब्याच्या नाण्यावर मर्क्युरीचे मस्तक आणि जहाजाची नाळ असते, शिवाय किंमत दाखवणारे दोन ठिपके. जहाजावरून आडवे जाणारे त्रिशूळाचे दाते दिसले, की सिराक्यूजचे नाणे रोमन सैन्याच्या हाती पडल्यानंतरचा तो क्षण आपल्यासमोर असतो. सार्डिनियात याच पद्धतीने कार्थेजच्या अमलाखालच्या नाण्यांवर रोमन छाप पडले.

दुसरा उल्लेखनीय गट सम्राट हेड्रियनच्या (११७–१३८) आशिया मायनरमधील सिस्टोफोरस या चांदीच्या नाण्यांचा आहे. तीन देनारियसच्या (देनारियस म्हणजे रोमचे नेहमीचे चांदीचे नाणे) मोलाची ही नाणी बहुतांशी मार्क अँटनी आणि ऑगस्टस यांच्या काळातील झिजलेल्या सिस्टोफोरसवरच मारली गेली. शंभर-दीडशे वर्षे चलनात राहून हलकी झालेली ती नाणी परत घेऊन नव्या सम्राटाच्या नावाने बाहेर काढणे टाकसाळीला सोयीचे होते. खाली ऑगस्टसची गव्हाच्या लोंब्यांची जुडी, स्फिंक्स किंवा मकरासारखी आकृती दडलेली असू शकते. अँटनीचे नाणे असल्यास सापांची वेटोळी शोधावीत.

त्याच हेड्रियनच्या विरोधात जुडिआमध्ये १३२ ते १३५ या काळात बार कोखबाच्या नेतृत्वाखाली ज्यूंचा उठाव झाला. उठावकर्त्यांनी पाडलेली नाणी पुनर्मुद्रणाचे सर्वांत बोलके उदाहरण आहेत, कारण त्यांची सारीच नाणी चलनातल्या रोमन आणि प्रांतिक नाण्यांवर मारलेली होती. त्यांच्याकडे कोऱ्या चकत्या पाडण्याची व्यवस्था नव्हती. शिवाय सम्राटाच्या मस्तकावर जेरुसलेमच्या मंदिराचे दर्शनी खांब, द्राक्षाचा घोस किंवा वीणा उमटवणे ही स्वतंत्र राजकीय घोषणाही होती. झूझ या लहान चांदीच्या नाण्याखाली व्हेस्पेशियन किंवा ट्रेजनचा देनारियस, कधी अरेबिया प्रांतातील ट्रेजनची द्राख्मा (ग्रीक पद्धतीचे चांदीचे नाणे), आणि सेला या मोठ्या नाण्याखाली अँटिओकसारख्या शहरांची टेट्राद्राख्मा (चार द्राख्मांचे नाणे) सापडते. ही नाणी महाग आहेत आणि त्यांच्या नकला भरपूर आहेत, म्हणून नवोदिताने ती विकत न घेता छायाचित्रांतून अभ्यासावीत. जुन्या हिब्रू लिपीची अक्षरे लॅटिन किंवा ग्रीक अक्षरांपासून लगेच वेगळी दिसतात, त्यामुळे वरचे काय आणि खालचे काय हा गोंधळ इथे होत नाही. नजर तयार करण्यासाठी यापेक्षा चांगले साहित्य नाही.

तिसऱ्या शतकातील चलनसंकटात पुनर्मुद्रण पुन्हा वाढले. २१५ मध्ये कॅराकॅलाने सुरू केलेले अँटोनिनियानस हे नाणे दोन देनारियसच्या किमतीचे मानले जाई, पण त्याचे वजन कधीच दोन देनारियसइतके नव्हते आणि ते पुढे घटतच गेले. सम्राट ट्रेजन डेसियसच्या काळात (२४९–२५१) ही घट इतकी झाली होती, की सेप्टिमियस सेव्हेरस किंवा त्याच्या वारसांचा जुना देनारियस तसाच्या तसा घेऊन त्यावर किरणांचा मुकुट घातलेले नवे मस्तक मारले, की एका घावात त्याची दर्शनी किंमत दुप्पट होत असे. कारण इतके सरळ आणि इतके आर्थिक असल्यामुळे हा गट मला विशेष शिकण्यासारखा वाटतो.

गॉलमध्ये (आजचा फ्रान्स आणि आसपासचा प्रदेश) स्वतंत्र राज्य उभारणाऱ्या पोस्टुमसने (२६०–२६९) हाच विचार पितळी नाण्यांना लावला. पहिल्या-दुसऱ्या शतकातील ट्रेजन, हेड्रियन, अँटोनिनस पायस यांचे झिजलेले मोठे सेस्टर्टियस घेऊन त्यांवर किरणांच्या मुकुटाचा आपला चेहरा मारून त्याने दुहेरी सेस्टर्टियस पाडले. पुढे ब्रिटनमध्ये बंड करून सत्ता घेणाऱ्या कॅराउसियसची (२८६–२९३) सुरुवातीची नाणी पोस्टुमसनंतर गॉलमध्ये सत्तेवर आलेल्या व्हिक्टोरिनस आणि टेट्रिकस यांच्या लहान नाण्यांवर मारलेली वारंवार मिळतात.

शेवटचा आणि नवोदितासाठी सर्वांत सोयीचा गट कॉन्स्टँटिनोपलचा आहे. आपण ज्या राज्याला बायझंटाइन म्हणतो, तिथले लोक स्वतःला रोमनच म्हणवत, आणि सम्राट हेराक्लियसने (६१०–६४१) इराणच्या सासानी सत्तेशी झालेल्या दीर्घ युद्धात जुन्या तांब्याच्या फॉलिस नाण्यांवर मोठ्या प्रमाणात पुनर्मुद्रण केले. खाली दुसरा जस्टिन, मॉरिस, फोकास या त्याच्या आधीच्या सम्राटांचे, कधी खुद्द हेराक्लियसचेच आधीचे नाणे असते. दहाव्या-अकराव्या शतकांतील ख्रिस्ताचे चित्र असलेल्या, सम्राटाचे नाव नसलेल्या तांब्याच्या नाण्यांचाही इथे उल्लेख करायला हवा. त्यांवर नाव नाही, वर्षही नाही, तरी त्यांचे गट एकामागून एक कसे आले हे मुख्यतः कोणत्या गटावर कोणता गट मारला आहे, हे पाहूनच अभ्यासकांना ठरवता आले.

दुसरी पायरी : साधने जमवा

साधने थोडीच लागतात. दहापट मोठे दाखवणारे चांगले भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा डिजिटल वजनकाटा, व्हर्नियर कॅलिपर, हलवता येणारा एक लहान दिवा आणि जवळून छायाचित्र घेणारा कॅमेरा किंवा मोबाइल एवढे पुरेसे आहे. संदर्भासाठी सम्राटकालीन नाण्यांची अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीने उपलब्ध केलेली ऑनलाइन सूची आणि प्रांतिक रोमन नाण्यांची ऑनलाइन सूची या दोन्ही विनामूल्य आहेत. सुरुवातीला छापील ग्रंथांवर पैसे घालवण्याची आवश्यकता नाही.

तिसरी पायरी : वरचा छाप आधी पूर्ण वाचा

नवोदित खालच्या नाण्याच्या कुतूहलाने थेट खुणा शोधू लागतो आणि वरच्या छापाचीच एखादी रेघ खालची समजून बसतो. हे टाळायचे असेल तर आधी वरचे नाणे कोणाचे, कोणत्या प्रकारचे, त्याचा पूर्ण लेख काय असायला हवा, हे सूचीत पाहून निश्चित करावे. त्याच प्रकारच्या स्वच्छ, पुनर्मुद्रित नसलेल्या नाण्याचे छायाचित्र शेजारी ठेवावे आणि आपल्या नाण्यावरची प्रत्येक रेघ, प्रत्येक अक्षर त्याच्याशी जुळवत जावे. जे जुळते ते वरचे. ज्याची जागा त्या स्वच्छ नाण्यात कुठेच सापडत नाही, तेवढेच तपासणीसाठी उरते. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते वगळून केलेली ओळख मी ग्राह्य धरणार नाही.

चौथी पायरी : खुणा कुठे शोधायच्या

ठसा हा नाण्याच्या उलट असतो. नाण्यावर जो भाग उंच दिसतो, तो ठशात खोल कोरलेला असतो आणि नाण्याची सपाट पार्श्वभूमी ही ठशाची सर्वांत पुढे आलेली पातळी असते. घाव बसतो तेव्हा ही पुढे आलेली पातळी जुन्या चित्राला सर्वाधिक दाबते, त्यामुळे मोकळ्या सपाट जागेत जुनी अक्षरे उरली तरी ती पसरट, चपटी आणि पुसट असतात. ठशाच्या खोल भागात मात्र धातू शेवटपर्यंत पोहोचला नाही, तर तिथे दाबच कमी पडतो आणि जुने चित्र तगून राहते. म्हणून नव्या सम्राटाच्या गालावर, केसांवर, मानेच्या जाड भागावर जुन्या खुणा आधी शोधाव्यात. दुसरी हमखास जागा म्हणजे कडा. नव्या छापाच्या ठिपक्यांच्या कडीबाहेर, विशेषतः घाव एका बाजूला सरकलेला असेल तर, जुन्या लेखाची दोन-चार अक्षरे चांगल्या स्थितीत मिळू शकतात.

प्रकाशाची दिशा हे या कामातले मुख्य तंत्र आहे. समोरून प्रकाश पाडल्यास नाणे सपाट दिसते. दिवा जवळजवळ नाण्याच्या पातळीवर आणून प्रकाश तिरका पाडावा, नाणे जागच्या जागी ठेवावे आणि दिवा त्याच्याभोवती हळूहळू फिरवावा. ज्या कोनातून काहीच दिसत नव्हते, त्याच्या काटकोनातून एखादे अक्षर स्पष्ट उठून येते. प्रत्येक कोनातून एक छायाचित्र घ्यावे. त्यानंतर नाणे स्वतः फिरवावे, कारण जुन्या नाण्याचे डोके वरच्या चित्राच्या दिशेने असेलच असे नाही. कामगाराने ते जसे हाती आले तसे ठशात ठेवलेले असते. नाणे उलटे असताना निरर्थक वाटणारी रेघ योग्य दिशेला आली की कपाळ, नाक आणि हनुवटी यांची कडा दिसू लागते. पुढची बाजू जुन्या पुढच्याच बाजूवर पडली असेल असेही गृहीत धरू नये.

पाचवी पायरी : खालचे नाणे ओळखा

खुणा मिळाल्यावर आधी शक्यता मर्यादित कराव्यात. धातू, वजन आणि व्यास यांत जे बसत नाही ते लगेच बाद करावे. सुमारे ३ ग्रॅमच्या चांदीच्या नाण्याखाली सेस्टर्टियस असू शकत नाही, आणि डेसियसचे अँटोनिनियानस नेहमीपेक्षा बरेच हलके भरत असेल, तर त्याखाली देनारियस असण्याची शक्यता तपासायलाच हवी. काळाची मर्यादाही इथेच लागते. खालचे नाणे वरच्यापेक्षा नवे असू शकत नाही, त्यामुळे डेसियसच्या नाण्याखाली पोस्टुमस दिसतो असे वाटले तर वाचनच चुकले आहे.

मग अक्षरांकडे वळावे. रोमन नाण्यावरील लेख कडेने फिरतो आणि अक्षरांचा पाया बहुतेक वेळा मध्याकडे असतो, त्यामुळे सुटी अक्षरे मिळाली तरी त्यांच्या तिरपेपणावरून ती वर्तुळात कुठे होती आणि नाण्याचे डोके कोणत्या बाजूला होते, याचा हिशेब करता येतो. ऑगस्टस या पदवीची अक्षरे जवळजवळ प्रत्येक सम्राटाच्या नाण्यावर असतात, म्हणून त्यांवरून काहीच ठरत नाही. नावातील वैशिष्ट्यपूर्ण अक्षरांची जोडी मिळाली तरच ती धरावी. चित्रात लहान तपशील मोठी मदत करतात. पोस्टुमसच्या मुकुटाला टोकदार किरण असतात आणि जुन्या सेस्टर्टियसवरील सम्राटाच्या डोक्यावर पानांची माळ व मानेमागे तिच्या फितीची दोन टोके असतात. त्यामुळे पोस्टुमसच्या नाण्यावर जिथे फीत असण्याचे कारण नाही अशा जागी ती दिसली, तर तेवढ्या एका खुणेवरून जुन्या मानेची जागा सापडते.

हेराक्लियसच्या फॉलिसवर ही पद्धत फार समाधान देते. त्याच्या मागच्या बाजूला चाळीस नुम्मियांची (नुम्मिया हे सर्वांत लहान नाणे) किंमत दाखवणारे मोठे एम अक्षर, डाव्या बाजूला वर्ष या अर्थाच्या शब्दाची उभी अक्षरे आणि खाली टाकसाळीचे नाव असते. खालच्या नाण्यावरही बहुधा हेच असल्यामुळे एकमेकांना तिरपी छेदणारी दोन एम अक्षरे दिसतात. मात्र फोकासच्या अनेक फॉलिसवर एमऐवजी एक्स हे अक्षर चार वेळा ओळीने लिहिलेले असते. एमच्या पायांमधून अशा फुल्यांची ओळ जाताना दिसली, की खालचे नाणे फोकासचे असल्याचा अंदाज बळकट होतो. दोन व्यक्ती शेजारी सिंहासनावर बसलेल्या दिसल्या तर दुसरा जस्टिन आणि त्याची राणी सोफिया यांचा विचार करावा.

अंदाज बांधल्यावर तो तपासण्याची एक चांगली पद्धत आहे. संशयित खालच्या नाण्याच्या स्वच्छ नमुन्याचे छायाचित्र घ्यावे, दोन्ही छायाचित्रे मिलिमीटरच्या मापाने एकाच प्रमाणात आणावीत, संगणकावर एक अर्धपारदर्शक करून दुसऱ्यावर ठेवावे आणि फिरवून पाहावे. एक खूण कशाशीही जुळवता येते. एकाच स्थितीत नाक, लेखातील अक्षरे आणि ठिपक्यांची कडी अशा तीन वेगवेगळ्या खुणा एकत्र जागेवर बसल्या, तर ओळख विश्वसनीय मानावी. छायाचित्राचा आकार मापाबाहेर ताणून जुळवणी करण्याचा मोह होतो, पण तसे केले तर तपासणीला अर्थ उरत नाही.

सहावी पायरी : सारखे दिसणारे प्रकार वेगळे करा

विक्रेते पुनर्मुद्रित म्हणून जी नाणी दाखवतात, त्यांतील बरीच दुहेरी घावाची असतात. पहिल्या घावानंतर नाणे सरकले किंवा फिरले आणि त्याच ठशांचा दुसरा घाव बसला, तर दोन नाके, दोन ओठ, लेखाची पुनरावृत्ती असे दृश्य तयार होते. कसोटी सोपी आहे. एक थर मनाने सरकवून किंवा फिरवून दुसऱ्यावर तंतोतंत बसत असेल, तर तो दुहेरी घाव आहे. कॅराउसियसच्या नाण्यांवर ही कसोटी अधिक काळजीने लावावी, कारण वर आणि खाली दोन्हीकडे किरणांचे मुकुट आणि दाढीचे चेहरे असतात. तिथे मुकुटावर विसंबू नये, लेखातील अक्षरेच पाहावीत.

मध्ये चकती नसताना दोन ठसे एकमेकांवर आदळले, तर नंतर पडलेल्या नाण्यांवर दुसऱ्या बाजूच्या चित्राची खोलगट, आरशातल्यासारखी उलटी छाया येते. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर नव्या नाण्याच्या एका बाजूला दुसऱ्या बाजूचेच चित्र खोलगट आणि उलटे उमटते. खालच्या नाण्याच्या खुणा उठावाच्या आणि सरळ वाचता येणाऱ्या असतात, खोलगट आणि उलट्या नसतात. एवढे लक्षात ठेवले तरी हे दोन्ही प्रकार वेगळे काढता येतात.

प्रतिमुद्रा म्हणजे चलनातील नाण्यावर नंतर मारलेला लहान शिक्का. त्यात नाण्याचे बाकी चित्र जागेवरच राहते, फक्त शिक्क्यापुरती जागा दबते आणि मागच्या बाजूला त्याच ठिकाणी थोडा सपाटपणा येतो. भारतात सापडलेल्या रोमन सुवर्णनाण्यांवर आणखी एक खूण आढळते. १८९८ मध्ये पुदुकोट्टई येथे मिळालेल्या निधीतील बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या मस्तकावरून छिन्नीचा आडवा घाव घातलेला आहे. त्याचा पुनर्मुद्रणाशी संबंध नाही, तो घाव नाणे चलनातून बाद करण्यासाठी असावा असे अनेक अभ्यासक मानतात.

बनावट नाण्यांविषयी एक धोका आवर्जून सांगायला हवा. खाली जुने नाणे दिसते, म्हणजे वरचे नाणेही अस्सलच, असा निष्कर्ष नवोदित काढतो. काही बनावट करणारे मुद्दाम स्वस्तातले अस्सल प्राचीन नाणे घेऊन त्यावर आधुनिक ठशाने महागड्या नाण्याचा छाप मारतात. धातू जुना, वजन पटण्यासारखे आणि खाली खरी अक्षरे, असे ते नाणे सहज फसवते. खालच्या नाण्याने वरच्याच्या खरेपणाची हमी मिळत नाही. वरचा छाप शैलीने, अक्षरांच्या घडणीने आणि ज्ञात ठशांशी तुलना करून स्वतंत्रपणे सिद्ध व्हावा लागतो.

सातवी पायरी : खरेदी

माझ्या मते पहिली खरेदी हेराक्लियसच्या फॉलिसची असावी. ती मुबलक आहेत, आकाराने मोठी आहेत, कमी किमतीत मिळतात आणि त्यांवर खुणा ठळक असतात. दुसरा टप्पा अकराव्या शतकातील नाव नसलेल्या फॉलिसचा, आणि त्यानंतर पोस्टुमसचे दुहेरी सेस्टर्टियस किंवा डेसियसचे अँटोनिनियानस. प्रजासत्ताकाच्या काळातील सिसिलीची नाणी मोहक आहेत, पण ती सहसा खूप झिजलेली असतात आणि त्यांचे वाचन सरावलेल्या नजरेलाही अवघड जाते.

विक्रेत्याने खालच्या नाण्याची ओळख दिली असेल तर तिचा आधार विचारावा. ती पटली नाही, तर नाण्याची किंमत वरच्या छापापुरतीच धरावी. उलट, काही वेळा विक्रेत्याने पुनर्मुद्रणाची दखलच घेतलेली नसते आणि नाणे नुसते खराब छापाचे म्हणून ठेवलेले असते. वरची पायरीवार तपासणी अंगवळणी पडली की अशी नाणी यादीतल्या छायाचित्रांतही ओळखू येतात. अस्सलपणाची लेखी हमी आणि परतीची सोय देणाऱ्या, नाणे आधी कोणाच्या संग्रहात होते याची नोंद देणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलेले नाणे थोडे महाग पडले तरी चालेल.

कायद्याची बाजू सुरुवातीलाच समजून घ्यावी. भारतात शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. त्याचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे भारतातल्या संग्रहातले नाणे परदेशातील नातेवाइकाला भेट म्हणून टपालाने पाठवणे हाही गुन्हा ठरतो. जमिनीत नाण्यांचा साठा सापडल्यास १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. इंग्लंड, वेल्स किंवा उत्तर आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी संग्राहकांना १९९६ चा तिथला गुप्तधनविषयक कायदा लागू होतो, आणि अमेरिकेत इटली व सायप्रससारख्या देशांतून येणाऱ्या ठरावीक प्राचीन नाण्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत. परदेशातून नाणे मागवताना सीमाशुल्काच्या कागदपत्रांत त्याचे खरे वर्णन आणि खरी किंमतच लिहावी.

आठवी पायरी : जपणूक आणि नोंद

पितळेची भांडी चिंच किंवा लिंबाने घासण्याची आपली सवय नाण्यांपासून कटाक्षाने दूर ठेवावी. आम्लाने वरचा जुना थर निघून जातो आणि त्याच थरात टिकून राहिलेल्या खालच्या नाण्याच्या पुसट रेषा कायमच्या जातात. चिकटलेली माती असेल तर नाणे डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवावे, पाणी अधूनमधून बदलावे आणि मऊ काडीने हलकेच माती काढावी. याहून अधिक काही नवोदिताने करू नये. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात हवेतील ओलावा तांब्याच्या नाण्यांना घातक ठरतो. फिकट हिरव्या रंगाची, भुकटीसारखी सुटणारी बुरशीसदृश वाढ दिसली, तर ते नाणे ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळे करावे आणि जाणकाराला दाखवावे. सिलिका जेलच्या पुड्या ठेवलेली घट्ट झाकणाची पेटी वापरावी. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतराने सुटणारी द्रव्ये धातू खराब करतात, म्हणून ती टाळावीत.

प्रत्येक नाण्यासाठी एक कार्ड करावे. त्यावर वजन, व्यास, वरच्या छापाचा सूचीतील क्रमांक, कोठून आणि केव्हा घेतले हे नेहमीचे तपशील असावेतच. पुनर्मुद्रित नाण्यासाठी आणखी चार गोष्टी लिहाव्यात. खालचे नाणे कोणते, त्याची कोणती बाजू वरच्या कोणत्या बाजूखाली आहे, वरचे चित्र बाराच्या दिशेने सरळ धरले असता खालच्या चित्राचे डोके घड्याळाच्या कोणत्या आकड्याकडे आहे, आणि ही ओळख कोणत्या खुणांवर बेतलेली आहे. शेवटचा मुद्दा अनेक जण गाळतात. मानेमागे फीत, सातच्या दिशेला दोन अक्षरे, अशी खुणांची नोंद असेल तर पुढे दुसऱ्या कोणालाही ती पडताळता येते. ओळखीपुढे निश्चित, संभाव्य किंवा अनिर्णित यांपैकी एक शब्द लिहावा. अनिर्णित लिहिण्यात कमीपणा मानू नये. त्याच प्रकारचे दुसरे नाणे पाहण्यात आले, की अशा कार्डांकडे परत यावे, कारण एका नाण्यावर अर्धवट दिसलेली खूण दुसऱ्यावर पूर्ण दिसते आणि अनिर्णित ठेवलेले वाचन तेव्हा सुटते.